शाळा कोणाची? : वसईचे भग्न कॉलेज, टिळकांचा राजीनामा आणि १८६० चा एक छोटा कायदा

१/ वसईच्या किल्ल्यात जेझुइट पंथीयांच्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे. छायाचित्रांत ती हमखास दिसते. पण या भिंतीला लागून एके काळी एक कॉलेज होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या कॉलेजचे काय झाले आणि पुण्यात १८८४ साली स्थापन झालेली एक शिक्षणसंस्था आजही का चालू आहे, या दोन प्रश्नांचे उत्तर एकमेकांशी जोडलेले आहे. हा धागा त्या उत्तराचा शोध घेणारा आहे.

२/ १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून जेझुइट धर्मगुरू येथे काम करू लागले. त्यांच्या शाळेत शिकलेला वसईचाच एक मुलगा म्हणजे गोन्सालो गार्सिया. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे त्याला क्रुसावर मृत्युदंड देण्यात आला आणि १८६२ साली पोपने त्याला संतपद दिले. म्हणजे वसईत शिक्षणाची परंपरा इंग्रजांच्या फार पूर्वीची आहे.

३/ हे कॉलेज कशाच्या आधारावर उभे होते? पोर्तुगीज राजसत्तेचा आश्रय, तिने दिलेली उत्पन्ने आणि जेझुइट पंथाची शिस्त. यांपैकी शिस्त पंथाची होती; परंतु जागा, उत्पन्न आणि संरक्षण यांचे मूळ राजाच्या मर्जीत होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे किल्ला शरण आला. पोर्तुगीज सत्ता वसईतून निघाली आणि तिच्याबरोबर त्या कॉलेजचे आयुष्यही संपले. आश्रयदाता गेला की आश्रितही जातो, हा जुन्या जगाचा नियमच होता.

४/ हे केवळ पोर्तुगीजांपुरते खरे नव्हते. पेशव्यांच्या दक्षिणेवर चालणाऱ्या पाठशाळा, इनामांवर चालणारे मठ, सरदाराच्या वाड्यातील पंतोजींची शाळा, या सर्वांचे भवितव्य कोणा एका दात्याच्या किंवा गुरूच्या आयुष्याशी बांधलेले असे. पंतोजी वारले, की शाळा मिटली. वारसांत भांडण झाले, की इनाम विभागले. शाळेला माणसाहून दीर्घ आयुष्य कसे द्यायचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होता.

५/ युरोपातील कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर शोधले होते : संस्थेलाच एक ‘व्यक्ती’ मानायचे. ही व्यक्ती हाडामांसाची नाही. पण तिला नाव आहे, शिक्का आहे, ती जमीन धारण करू शकते, करार करू शकते, न्यायालयात दावा लावू शकते. तिचे विश्वस्त मरतात, बदलतात. ती मात्र तीच राहते. नदीतील पाणी बदलते, नदी तीच राहते, तसे. अशी कृत्रिम व्यक्ती निर्माण करण्याचा अधिकार मात्र राजाकडे किंवा विधिमंडळाकडे असे.

६/ याचे ठळक उदाहरण नवजात अमेरिकेत दिसते. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे फिलिप्स कुटुंबाने १७७८ साली एक खासगी अकादमी काढली. स्वातंत्र्ययुद्ध चालू होते, राज्याची घडी अजून बसायची होती. तरीही १७८० साली तेथील विधिमंडळाने या एका शाळेसाठी स्वतंत्र कायदा करून तिच्या विश्वस्तांना विधिमान्य मंडळाचा दर्जा दिला. एका शाळेसाठी एक कायदा, अशी ती पद्धत होती.

७/ या दर्जाची खरी परीक्षा डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात झाली. या कॉलेजला १७६९ साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली होती. १८१६ साली न्यू हॅम्पशायर राज्याने कायदा करून ती सनद बदलली आणि कॉलेजवर सरकारी नियंत्रण आणू पाहिले. कॉलेजचा शिक्का, दप्तर आणि हिशेबाच्या वह्या वुडवर्ड नावाच्या चिटणीसाकडे होत्या आणि तो सरकारी पक्षाला जाऊन मिळाला. जुन्या विश्वस्तांनी त्या वस्तू परत मिळवण्यासाठी दावा लावला.

८/ १८१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या मते सनद हा एक करार होता आणि राज्याला तो एकतर्फी मोडता येणार नव्हता. वरवर पाहता वाद एका शिक्क्याचा आणि चार वह्यांचा. पण त्यातून ठरले ते असे, की खासगी दानातून उभी राहिलेली शिक्षणसंस्था सरकारचीही मालमत्ता नाही. ती तिच्या हेतूची आहे.

९/ आता हिंदुस्थानाकडे वळू. येथेही आधी ‘एका संस्थेसाठी एक कायदा’ हीच पद्धत दिसते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली अशाच स्वतंत्र कायद्याने अस्तित्वात आले. पण गावोगावच्या शाळा, ग्रंथालये, सभा यांच्यासाठी कोण कायदा करीत बसणार? या गरजेतून १८६० चा २१ वा कायदा आला. त्याचे नाव आज ‘संस्था नोंदणी अधिनियम’ असे घेतले जाते. अवघी वीस कलमे. पण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर या कायद्याइतका परिणाम फार थोड्या कायद्यांनी केला असेल.

१०/ कायदा काय म्हणतो? वाङ्मय, विज्ञान, धर्मादाय, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार अशा हेतूंसाठी सात किंवा अधिक माणसांनी एकत्र यावे. संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि कारभारी मंडळातील व्यक्तींची नावे, पत्ते व व्यवसाय एका ज्ञापनात लिहावे. सोबत नियमांची प्रत जोडावी. पन्नास रुपये शुल्क भरावे. निबंधकाने प्रमाणपत्र दिले, की संस्था नोंदली गेली. जे अँडोव्हरला विधिमंडळाकडून मिळवावे लागले, त्याचा बराच भाग येथे सात सह्या आणि पन्नास रुपये यांत मिळू लागला.

११/ ‘बराच भाग’ असे म्हणण्याला कारण आहे. या कायद्याने नोंदलेली संस्था ही पूर्ण अर्थाने कृत्रिम व्यक्ती होत नाही. तिची मालमत्ता विश्वस्तांकडे नसेल तर ती कारभारी मंडळाकडे आहे असे मानले जाते. दावा अध्यक्षाच्या किंवा चिटणिसाच्या नावाने चालतो. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे हा भेद स्पष्ट केला. परंतु तो पदाधिकारी वारला किंवा पायउतार झाला, तरी दावा संपत नाही. तो उत्तराधिकाऱ्याच्या नावाने पुढे चालतो. मूळ गरज होती ती एवढीच : माणूस गेला तरी काम थांबू नये.

१२/ आणि चौदावे कलम तर विशेष लक्षात ठेवावे असे. संस्था विसर्जित झाली आणि देणी फेडून काही मालमत्ता उरली, तर ती सभासदांनी वाटून घ्यायची नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यायची. म्हणजे दुकानाचे भागीदार वेगळे होताना जशी वाटणी करतात, तशी शाळेची वाटणी होऊ शकत नाही. या एका कलमाचे महत्त्व पुण्यात लवकरच कळणार होते.

१३/ १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, नुकतेच कायद्याची परीक्षा उतरलेले बाळ गंगाधर टिळक आणि खटपटी माधवराव नामजोशी हे आरंभीचे शिलेदार. पाठोपाठ वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. शाळा खासगी होती. कायद्याच्या दृष्टीने ती काही तरुणांनी मिळून चालवलेला उद्योग होती. १८८१ मध्ये याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली.

१४/ १८८२ हे वर्ष या उद्योगाच्या जिवावर बेतणारे होते. मार्चमध्ये विष्णुशास्त्री वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यानंतर काही महिन्यांतच कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघे मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेले. एक संस्थापक मृत्युमुखी, दोन तुरुंगात. शाळा टिकली ती आपटे, नामजोशी आणि इतर सहकाऱ्यांच्या जिद्दीवर. पण जिद्द हा पाया असू शकतो, छप्पर नव्हे. त्याच वर्षी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी या शाळेची मनापासून प्रशंसा केली, हेही नमूद केले पाहिजे.

१५/ पुढचे पाऊल २४ ऑक्टोबर १८८४ रोजी पडले. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढे तिची १८६० च्या कायद्याखाली नोंदणी झाली. विल्यम वेडरबर्न, न्या. तेलंग, रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या मंडळींचे पाठबळ तिला लाभले. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपयांची देणगी दिली होती आणि त्यांचेच नाव कॉलेजला मिळाले. सरकारवर टीका करणाऱ्या तरुणांनी गव्हर्नरचे नाव स्वीकारावे, यात विसंगती दिसेल. पण संस्थानिकांकडून आणि धनिकांकडून निधी उभा करायचा तर ते नाव उपयोगाचे होते.

१६/ या संस्थेचा कणा म्हणजे ‘आजीव सदस्य’. आपटे, टिळक, आगरकर, वासुदेवराव केळकर, गोळे, धारप, नामजोशी हे आरंभीच्या आजीव सदस्यांपैकी. शिक्षकाने अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करायची, अशी ही प्रतिज्ञा होती. १८८६ मध्ये येऊन मिळालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वेतन महिना ७५ रुपये असे. तेवढ्याच विद्वत्तेवर सरकारी खात्यात याहून कितीतरी अधिक मिळाले असते.

१७/ या त्यागाचा नमुना कोणता होता? येथे वसईचा धागा पुन्हा हाती लागतो. टिळकांपुढे आदर्श होता तो जेझुइट पंथीयांचा : गरजेपुरते घ्यावे, सगळा वेळ संस्थेला द्यावा, स्वतंत्र मिळकतीचा मोह धरू नये. ज्या पंथाचे कॉलेज वसईत भग्न होऊन पडले होते, त्याच पंथाची शिस्त पुण्यातील हे ब्राह्मण शिक्षक स्वतःला लावून घेऊ पाहत होते. त्यांच्या धर्मप्रसाराशी टिळकांना काही कर्तव्य नव्हते. त्यांना हवी होती ती संघटनेची ताकद.

१८/ मतभेद झाला तो येथेच. वेतन वाढवावे का? शाळेच्या वेळेबाहेर सदस्याने दुसरे काम करून पैसे मिळवले तर चालेल का? टिळकांचे म्हणणे : नाही, आजीव सदस्याचा सर्व वेळ संस्थेचा. आगरकर, गोखले आदींचे म्हणणे : वेतन तुटपुंजे आहे, संसार आहेत, कर्तव्य पार पाडल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. यात सामाजिक सुधारणांवरील टिळक-आगरकर वादाचे विष मिसळले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. एकाच खोलीत देशाची स्वप्ने पाहिलेले दोन मित्र आता दोन पत्रांतून एकमेकांशी भांडू लागले.

१९/ १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले, तेव्हा वाद टोकाला गेला. ऑक्टोबरमध्ये टिळकांनी आजीव सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये आपली सविस्तर कैफियत लिहून मंडळापुढे ठेवली. दहा वर्षांपूर्वी ज्या शाळेसाठी त्यांनी वकिली आणि नोकरी दोन्ही बाजूला सारली, तिच्यातून ते बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय होते चौतीस.

२०/ आता कायद्याच्या नजरेने पाहा. राजीनामा देताना टिळक काय घेऊन जाऊ शकत होते? एक बाकसुद्धा नाही. शाळेची जागा, कॉलेजचा निधी, नाव, सगळे संस्थेचे. बहुमत विरुद्ध गेले तेव्हा संस्थापकालाही नियमांपुढे वाकावे लागले. याच्याशेजारी पत्रांची कथा ठेवावी. ‘केसरी’, ‘मराठा’ आणि आर्यभूषण छापखाना ही खासगी मालमत्ता होती. तेथे भागीदारांत रीतसर वाटणी झाली : १८९१ मध्ये दोन्ही पत्रे, डोक्यावरच्या कर्जासकट, टिळकांकडे आली आणि छापखाना दुसऱ्या भागीदारांकडे गेला. माणसे बहुतेक तीच, भांडण तेच; पण छापखाना वाटता आला, शाळा वाटता आली नाही.

२१/ मग न्याय झाला का? येथे उतावीळपणे उत्तर देऊ नये. कोणाचा त्यागाचा अर्थ बरोबर होता, हे कायद्याने ठरवले नाही. ते त्याचे कामही नव्हते. नोंदणीने टिळकांना न्याय दिला नाही की अन्यायही केला नाही. तिने फक्त एवढे पाहिले, की मोठ्यांच्या भांडणात वर्गातल्या मुलांची शाळा मोडू नये. १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला एक नवे प्राध्यापक आले : धोंडो केशव कर्वे. टिळकांची रिकामी जागा भरली गेली आणि तास सुरू राहिले.

२२/ त्यानंतरही आघात थांबले नाहीत. पहिले प्राचार्य आपटे १८९२ मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी गेले. मग गोळे प्राचार्य झाले. पंधरा वर्षांत एवढी माणसे गमावलेली एखादी पंतोजींची शाळा कधीच मिटली असती. ही संस्था मात्र वाढली : १९१९ मध्ये सांगलीचे विलिंग्डन कॉलेज, १९४३ मध्ये पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. टिळकांकडे ‘केसरी’ राहिला आणि त्यातून त्यांचे दुसरे, अधिक मोठे आयुष्य घडले. दोन्ही गोष्टी एकाच राजीनाम्यातून निघाल्या.

२३/ या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे कुंपण संस्थेला संस्थापकाच्या हट्टापासून वाचवते, तेच कुंपण एखाद्या गटाला आत बसून राहायलाही उपयोगी पडते. सात सह्यांचे मंडळ एकाच घरातल्या सात जणांचे झाले, तर कागदावर संस्था आणि व्यवहारात जहागीर, असा प्रकार होतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांची देखरेख आणि हिशेबतपासणीची सक्ती आणली, तिच्या मुळाशी हीच काळजी होती. कायदा संस्थेला आयुष्य देतो. सचोटी मात्र माणसांनीच आणायची असते.

२४/ आज वसई-विरारमध्ये शाळेच्या फलकावर शाळेच्या नावाच्या वर बारीक अक्षरांत आणखी एक नाव असते : अमुक शिक्षण मंडळ, तमुक एज्युकेशन सोसायटी, ट्रस्ट. फीच्या पावतीवर त्याखाली नोंदणी क्रमांक छापलेला असतो. बहुतेकांची नजर त्यावर ठरत नाही. पण किल्ल्यातील त्या भिंतीमागचे कॉलेज आणि गावातली चालू शाळा यांच्यातला एक मोठा फरक त्या क्रमांकात आहे. पहिल्याला राजाचा आधार होता. दुसरीला लेखी नियमांचा आहे.

२५/ तेव्हा पुढच्या वेळी शाळेची जुनी पावती हाती आली, तर तो क्रमांक एकदा वाचावा. ती शाळा कोणी काढली, तिचे उद्देश काय लिहिले होते, पहिल्या सात सह्या कोणाच्या होत्या, हे विचारावे. शाळा कोणाची, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर सोपे आहे : ती काढणाऱ्याची नाही, चालवणाऱ्याचीही नाही, ज्या कामासाठी ती काढली, त्या कामाची आहे. हे उत्तर स्वीकारण्यासाठी टिळकांना आपली शाळा सोडावी लागली. आणि शाळा राहिली.